सरकारी दवाखाना, फुकटच्या गोळ्या आणि एसटी : वर्षभर वापरल्यावरचा अनुभव

लोक मोबाईलचा, मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, मी सरकारी दवाखान्याचा लिहितेय. कारण आमच्याकडं जो येतो तो हेच विचारतो की सरकारीत खरंच काय मिळतं का नुसतं भिंतीवर रंगवलेलं असतं. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकते, मोठं होणारे, चहा घेऊन बसा.

आधी आमचं सांगते म्हणजे अंदाज येईल. सातारा जिल्ह्यातलं गाव, नाव लिहित नाही. घरात आण्णा (सासरे, वय ७६), आत्या म्हणजे सासूबाई, मिस्टर, मी आणि दोन पोरं, शेजारच्याच खोलीत धाकटे दीर आणि जाऊ. मिस्टर दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर, मी घरी शिलाई करते, ब्लाऊज आणि शाळेचे ड्रेस, सीझन असला तर बरं नाहीतर मशीनवर कपडा टाकून ठेवायचा. शेती आहे पण ती सांगण्याइतकी नाही. रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचं.

आण्णांना बीपी आणि शुगर दोन्ही, बरीच वर्षं. आम्ही आधी प्रायव्हेटलाच जायचो कारण सगळेच जातात. डॉक्टरांची फी, मग खालच्याच मेडिकलमधून गोळ्या, मधनंच रक्त तपासायला लावायचे, असं धरून महिन्याला दीड-दोन हजार कुठं गेले कळायचं नाही. आता खरी गोष्ट ऐका. महिन्याची वीस तारीख उलटली की घरात पैसे संपलेले असायचे आणि आण्णा कुणाला न सांगता गोळी एक दिवसाआड घ्यायचे. कधी कधी अर्धी मोडून. त्यांच्या मते गोळी पुरवून वापरत होते, साखर पुरवतात तशी. मग पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडं गेलं की बीपी वाढलेलं, डॉक्टर म्हणणार या पॉवरनं कंट्रोल होत नाही, पॉवर वाढवू, आणि वाढीव पॉवरची गोळी अजून महाग, म्हणजे ती पंधरा तारखेलाच संपायची. डॉक्टरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना आण्णांनी कधी सांगितलंच नाही आणि आण्णा सांगणार पण नव्हते, पैसे नाहीत म्हणून गोळी घेत नाही हे कोण दुसऱ्यापुढं बोलतं. गरिबाच्या घरात औषध बंद होतं ते असं, गपचूप.

सरकारीकडं आम्हाला आशाताईंनी वळवलं. त्या ३० वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी-शुगर तपासायचं म्हणून दारोदार फॉर्म भरत होत्या, तेव्हा म्हणाल्या अहो उपकेंद्रात गोळ्या आहेत, महिन्याच्या देतात, कशाला पैसे घालवता. आत्यांचा विश्वासच बसेना. "फुकटची गोळी ती, तिच्यात काय असणार," हे त्यांचं वाक्य घरात अजून चालतं, फक्त आता आम्ही त्यांना चिडवायला वापरतो.

नियम काय आहे ते सांगते कारण खूप जणांना माहिती नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचे पण पैसे नाहीत. रेशनकार्ड कुठल्या रंगाचं हेही बघत नाहीत. पण मेडिकल कॉलेजची जी सरकारी हॉस्पिटलं असतात ती वेगळ्या खात्याकडं येतात, तिथं हा निर्णय लागू नाही, त्यामुळं तिथं पावती फाडली तर भांडत बसू नका. आमच्या पाव्हण्यांनी तिथं जाऊन बराच तमाशा केला होता आणि वर आम्हालाच फोन करून बोलले की तुम्ही सांगितलं फुकट आहे.

आता वापराचा अनुभव. आमचं उपकेंद्र म्हणजे आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, पिवळा रंग दिलाय, आत दोन खोल्या. सीएचओ मॅडम (म्हणजे उपकेंद्राच्या आरोग्य अधिकारी) आणि सिस्टर असतात. बीपी बघतात, बोटाला टोचून शुगर बघतात, कार्डावर लिहितात आणि महिन्याच्या गोळ्या कागदी पाकिटात घालून देतात. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, नावं तीच जी प्रायव्हेटवाले लिहून द्यायचे, फक्त पट्टीवर कंपनीचं भारी नाव नाही. मॅडमनी पहिल्याच वेळी एक सांगितलं की पुढच्या वेळी रिकाम्या पट्ट्या घेऊन यायच्या. आण्णांना वाटलं भंगारात घालतात का काय. तर त्या पट्ट्या मोजतात! किती गोळ्या खाल्ल्या, किती उरल्या. पहिल्या महिन्यात आण्णांच्या पट्टीत गोळ्या उरल्या होत्या, सवयच ती पुरवून खायची, मॅडमनी काही न बोलता पट्टी त्यांच्यापुढं धरली आणि म्हणाल्या, "बाबा, ह्या कुणासाठी ठेवल्या? पुढच्या महिन्याच्या तुम्हाला देणारच आहे मी." माणूस एवढासा झाला. तेव्हापासून आण्णा रिकाम्या पट्ट्या तंबाखूच्या जुन्या पत्र्याच्या डबीत रबर लावून ठेवतात आणि जायच्या दिवशी सकाळीच डबी खिशात.

दोनेक महिन्यांत बीपी खाली आलं. पॉवर तीच, डॉक्टर कुणी मोठे नाहीत, फक्त गोळी रोज पोटात जायला लागली. ह्यात जादू काहीच नाही आणि माझ्या मते फुकट देण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच. आपण म्हणतो पैसे वाचले, पैसे तर वाचतातच, पण वीस तारखेनंतरही औषध चालू राहतं ते जास्त महत्त्वाचं. नंतर कळलं की बीपीचा हा कार्यक्रम आमच्याकडं बराच आधीपासून आहे, २०१७ मध्ये देशात पंचवीसेक जिल्ह्यांपासून सुरुवात झाली, महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि आमचा सातारा. म्हणजे घराजवळ गोळ्या मिळत होत्या आणि आम्ही तिकडं मेडिकलला लाईन लावत होतो.

आता वाईट पण सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई कुणाची जाहिरात करतेय.

एक म्हणजे स्टॉक. मध्यंतरी शुगरची एक गोळी उपकेंद्रात संपली, म्हणाले ग्रामीण रुग्णालयात जा. तिथं गेलो तर औषधाच्या खिडकीवर चिठ्ठी हातात, "ही बाहेरून घ्या". किती दिवस बाहेरून घ्यायची, कधी येणार, कुणी सांगेना. खिडकीतला माणूस मान वर करून बघत पण नव्हता. आण्णांचं लगेच सुरू, राहू दे, आठ दिवस नाही खाल्ली तर काय होतंय. बघा, एकदा साखळी तुटली की माणूस परत जुन्या सवयीवर जातो. आम्ही मग जनऔषधीतनं, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानातनं घेतली, तिथं स्वस्त पडली, पण जनऔषधी तालुक्याला, गावात नाही. ज्याला तालुक्याला जायला जमलं नसेल त्यानं काय केलं असेल? दोन-तीन आठवड्यांनी गोळी आली. माझं स्पष्ट मत आहे की फुकट आहे ना मग थोडं मागंपुढं चालायचंच, हा विचारच चुकीचा आहे, उलट ज्याला दुसरीकडनं घेता येत नाही त्याच्यासाठी तर स्टॉक कधीच संपला नाही पाहिजे.

दुसरं म्हणजे वेळ. गोळ्यांपुरतं उपकेंद्र मस्त, तासाभरात घरी. पण रक्ताच्या मोठ्या तपासण्या, तीन महिन्यांची शुगर, किडनी वगैरे, त्याला ग्रामीण रुग्णालय. उपाशीपोटी जा, नंबर, मग खाऊन परत थांबा, मग डॉक्टर राऊंडला गेलेले, मग जेवायची सुट्टी, अख्खा दिवस. आण्णांबरोबर कुणीतरी लागतंच. मिस्टर गेले तर त्यांचा दिवसाचा पगार गेला, मी गेले तर शिलाई राहिली. खुरपायला जाणाऱ्या बाईचा रोज बुडाला तर तिला ही तपासणी तीनशे-साडेतीनशेला पडली की, पावतीवर शून्य असलं तरी. सरकारी कागदावर हा आकडा कुठंच नसतो. आमच्या शेजारच्या मावशी बीपीच्या असून ह्याच कारणानं जात नाहीत, आणि लोक म्हणतात फुकट असून जात नाही, अडाणी आहे. अडाणी नाही हो, हिशोब करते ती.

आता एसटी. ही पण ह्याच्यातच धरते कारण दवाखाना फुकट आणि जायला पैसे नाहीत तर काय उपयोग. ७५ च्या वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण मोफत, आधारकार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्याचं तिकीट काढून देतो. ६५ ते ७५ ला अर्धं, आणि बायकांना सगळ्यांना मार्च २०२३ पासून अर्धं. जानेवारी २०२५ ला भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं तेव्हा बरोबरच्या पुरुष माणसांना चटका बसला, आम्हाला निम्मा. म्हणून आता आण्णांबरोबर दवाखान्यात मीच जाते, आण्णा शून्य, मी अर्धी, मिस्टर गेले तर फुल, साधा हिशोब. बस वेळेवर येते का ते विचारू नका. दुपारची एक गाडी तर येणार का नाही हे स्टँडवरचा वडापाववाला सांगतो, कंट्रोलरपेक्षा त्याची माहिती पक्की असते.

काही लोक बोलतात की म्हातारी फुकट म्हणून उगाच हिंडतात, गाड्या भरतात. आण्णा महिन्या-दोन महिन्यातून कोरेगावला त्यांच्या बहिणीकडं जाऊन येतात, आधी वर्षातून एकदा दिवाळीला जायचे. ७६ वर्षांचा माणूस ७० च्या बहिणीला भेटून येतो, त्याला उगाच म्हणायचं असलं तर म्हणा.

आण्णांच्या मोतीबिंदूचं थोडक्यात सांगते कारण तिथं तक्रारच नाही. आशाताईंनी नाव दिलं, उपजिल्हा रुग्णालयात ऑपरेशन, आत लेन्स, डोळ्यात घालायचे थेंब, काळा चष्मा, सगळं मोफत. जेवण पण होतं. प्रायव्हेटला विचारलं होतं तर लेन्सप्रमाणं भाव सांगितले होते, देशी एवढे, विदेशी एवढे, मोबाईलच्या दुकानात गेल्यासारखं. आण्णा आता पेपरातली बारीक अक्षरं चष्मा लावून वाचतात आणि सगळ्यांना मोठ्यानं ऐकवतात, तो एक त्रास वाढलाय.

जावेचं बाळंतपण. पहिलंच. दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते, तिथं डॉक्टर बघतात, रक्त, लघवी, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या. सोनोग्राफीचा घोळ होता, मशीन असली तर डॉक्टर नाही, एकदा परत पाठवलं, शेवटी एक बाहेरून केली. कळा सुरू झाल्यावर १०२ ला फोन केला, गाडी आली, पाऊण तास लागला पण आली, रात्रीची वेळ होती. १०८ आणि १०२ मध्ये लोक गोंधळ करतात, १०८ ही अॅक्सिडेंट, हार्ट अटॅक असल्या इमर्जन्सीला, १०२ ही गरोदर बाई आणि वर्षाच्या आतल्या बाळासाठी, न्यायला पण आणि घरी सोडायला पण. नॉर्मल झाली, तीन दिवस दवाखान्यात, जेवण तिकडूनच, औषध-इंजेक्शन-रक्त काही लागलं तरी मोफत, सिझर झालं असतं तरी मोफतच होतं. सिस्टर लोकांनी रात्रभर जे केलं त्याला तोड नाही, एक सिस्टर आणि तीन बाळंतिणी, बिचारीला पाणी प्यायला वेळ नव्हता.

पण. मुलगा झाला म्हटल्यावर एक मावशी दारात उभी, "खुशाली द्या". दिरानं शंभर काढले तर म्हणते मुलगा झालाय दादा, मुलीला लोक दोनशे देतात. शेवटी पाचशे घेतले. कपडे धुणारी वेगळी, गाडीवाला वेगळा. मोफत बाळंतपणाला असे सातआठशे गेले. कुणी म्हणेल आनंदानं द्यायचे असतात, आनंदानं दिलेले आणि दारात अडवून घेतलेले ह्यात फरक आहे ना. आणि त्या मावशीवर पण पूर्ण राग येत नाही मला, ती कंत्राटावर, तिचा पगार किती आणि कधी होतो तिलाच माहीत. ह्यावर आरोग्य खात्याचा १०४ नंबर आहे, तक्रार करता येते, पण ओल्या बाळंतिणीला तिथंच ठेवून कोण तक्रार करणार, हे त्यांनाही ठाऊक असतं.

पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे पाच हजार असतात, दोन हप्त्यात. जावेचे अडकलेत. कारण आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. लग्न करताना पत्रिका बघतात तसं आधी आधार बघून घ्या, पोरींनो, लग्न झालं की पहिल्या महिन्यात नाव बदलून घ्या किंवा मग कुठंच बदलू नका, पण दोन्हीकडं एकच ठेवा. 

माझ्या धाकट्या पोराला कुत्रं चावलं होतं, रेबीजची इंजेक्शनं प्राथमिक आरोग्य केंद्रात, एक पैसा नाही. फक्त तारखा चुकवायच्या नाहीत, आणि घरी आल्या आल्या जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-मिरची भरत बसायचं नाही. आत्या मिरचीची वाटी घेऊन आल्या होत्या, आशाताईंनी दारातच अडवल्या.

रेशनबद्दल जास्त लिहित नाही, सगळ्यांना माहितीये. जानेवारी २०२३ पासून प्राधान्यवाल्यांना माणशी पाच किलो मोफत, अंत्योदयला कार्डामागं पस्तीस किलो. त्याआधी पण गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपयेच होता, त्यामुळं मोफत झाल्यानं लई फरक पडला असं मी म्हणणार नाही, खरा फरक धान्य दर महिन्याला येतं ह्याचा पडतो. आण्णांचा अंगठा मशीनवर उठत नाही, आयुष्यभर कुदळ मारलेली बोटं, रेषाच राहिल्या नाहीत, मग आत्या जातात.

आता पैशाचं. ह्या सगळ्यानं आमचे महिन्याला धरून चाला दीड-दोन हजार वाचतात, रेशन सोडून. ऐकायला काहीच नाही, शहरात लोकांचं एका रविवारचं हॉटेल होतं. पण आमच्यात काय झालं सांगते. आधी घरात कुणी आजारी पडलं की मी बचत गटातनं उचल घ्यायचे, शेकडा दोन रुपये व्याज महिन्याला, ते फिटेपर्यंत दुसरं कुणीतरी पडायचं. गेल्या वर्षभरात दवाखान्यासाठी उचल घेतली नाही. घेतली ती पिकोफॉलच्या मशीनसाठी, आणि ती मशीन पैसे देते. कुठंतरी वाचलं होतं की देशात आरोग्यावर जो खर्च होतो त्यातले २०१३-१४ ला शंभरातले ६४ रुपये लोकांच्या खिशातनं जायचे, २०२१-२२ ला ३९ वर आले. ३९ पण कमी नाहीत. पण खाली आले म्हणजे कुणाच्या तरी घरात बचत गटाची उचल मशीनसाठी वापरली गेली असणार, मी एवढंच समजते त्यातलं.

आणि जे म्हणतात सरकार फुकट वाटतंय, आमच्या टॅक्सच्या पैशातनं. अहो आम्ही पण साबण घेतो, डिझेल घेतो, मोबाईलचा रिचार्ज मारतो, तिथं काय आम्हाला टॅक्स माफ आहे का? इन्कमटॅक्सचा फॉर्म नाही भरत म्हणून काहीच भरत नाही असं नसतं. मुद्दा फुकटचा नाहीच, सिस्टर तीन बाळंतिणींना एक का, ह्याचा आहे.

मोठं ऑपरेशन, हार्टबिर्ट निघालं तर फुले योजना आहे, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना. देवाच्या कृपेनं आम्हाला लागली नाही त्यामुळं अनुभव नाही, पण भावकीत एकाला लागली त्यांचं म्हणणं असं की भरती व्हायच्या आधी काऊंटरजवळच्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा माणूस) गाठायचं, आजार यादीत बसतो का आणि त्या हॉस्पिटलमध्ये त्या आजारासाठी योजना चालू आहे का हे दोन प्रश्न विचारायचे, डिपॉझिट भरून मग विचारलं की माघारी मिळताना नाकी नऊ येतात. हेल्पलाईन १५५३८८. 

जाताना रेशनकार्ड, आधार आणि जुने सगळे कागद एका पिशवीत, केसपेपर फेकायचा नाही. आणि शक्यतो सोमवारी जाऊ नका, रविवारची सगळी गर्दी सोमवारी येते.

स्टार द्यायचे तर उपकेंद्राला पाचपैकी साडेचार, अर्धा स्टॉकसाठी कापला. ग्रामीण रुग्णालयाला तीन, त्यातले दोन सिस्टर लोकांचे. एसटीला साडेतीन. आशाताईंना पाच, आणि त्यांचं मानधन वेळेवर द्या.

आता आण्णांच्या कानाच्या मशीनचं चालू आहे. वयोश्री योजनेत ६५ च्या वरच्यांना तीन हजार खात्यावर येतात असल्या वस्तूंसाठी, फॉर्म भरलाय, आधार खात्याला जोडलेलं आहे ना ते दोनदा बघितलं. अजून काही आलं नाही. आले आणि त्यात ऐकू येणारी मशीन मिळाली तर खाली लिहीन, नाही आले तरी लिहीन.